सड्यावरचा झोन बदल: ‘पाणी पुरणार नाही’ हे हरकतीत आकड्यांनी कसं मांडायचं?

पाखाडीवरची

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितला तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, खाडीकाठी. नाव देत नाही, कारण या विषयावरून गावात दोन तट पडलेत आणि दोन्हीकडे माझीच माणसं आहेत. ज्या जमिनीबद्दल लिहितेय त्यातला एक गट, म्हणजे सातबाऱ्यावरचा एक तुकडा, माझ्या चुलत दिरांनीच विकलाय. मी ग्रामपंचायतीत सदस्य आहे. घरात पाहुण्यांसाठी तीन खोल्या काढल्यात, त्यांचं जेवणखाण मीच बघते, तेव्हा बाहेरची माणसं गावात नकोत असं म्हणणारी मी नाही.

गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे कातळाचं मोकळं पठार, आहे. त्यातले चार गट, मिळून ६ हेक्टर, प्रादेशिक योजनेतल्या (कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारी सरकारी योजना) शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करायचा प्रस्ताव आहे. राजपत्रात सूचना आली, पेपरात जाहिरात आली. आमच्याकडे तो पेपर येतच नाही. पुण्याच्या भाचीने कात्रणाचा फोटो पाठवला तेव्हा कळलं. हरकती आणि सूचनांना ३० दिवस दिलेत, त्यातले ११ गेले. तिथे १२० प्लॉट पाडून बंगले बांधणार असं माहितीपत्रकात छापलंय. काही बंगल्यांना पोहण्याचा तलावही आहे.

गेल्या आठवड्यात देवळात बैठक झाली. जमीन घेणाऱ्यांचे सल्लागार आले होते, माणूस सभ्य, नीट समजावून सांगणारा. मी उभी राहून म्हटलं, पाणी पुरणार नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "ताई, किती कमी पडेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा मे महिन्यात विहिरीत उतरून वाटीवाटीने हंडा भरायचे मी, जाऊबाई वर दोर धरून उभ्या असायच्या. अजूनही एप्रिल लागला की नळाला दिवसाआड पाणी येतं, चाळीस मिनिटं, आणि मेमध्ये तिसऱ्या दिवशी. हे सगळं मला पाठ आहे. पण ‘किती’ ते काही सांगता आलं नाही. बैठक दोन क्षण गप्प बसली आणि मग बोलणं रस्त्याच्या डांबरीकरणावर गेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

गावची माहिती देते. लोकसंख्या १,१४०. नळपाणी योजनेची एकच विहीर, खालच्या मळ्यात पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी, व्यास ५ मीटर. सड्याकडे जाणारा रस्ता एकच, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती. ट्रान्सफॉर्मर १०० केव्हीएचा, एक. सांडपाण्याचं म्हणाल तर ज्याचा त्याचा शोषखड्डा.

काय मोजू आणि कसं मोजू, ते सांगा. आणि ‘योजनेशी सुसंगत नाही’ असं लिहायचं तर त्याचा नेमका अर्थ काय होतो? वाचून बाजूला ठेवता येईल असं पत्र मला द्यायचं नाही.

जुना ओव्हरसियर

ताई, तीस वर्षं ग्रामीण पाणीपुरवठ्यात काढली. वेळ बरोबर साधलीत. विहिरीचं खरं पाणी एप्रिल-मेमध्येच कळतं, ऑक्टोबरात कोकणातली कुठलीही विहीर भरलेलीच दिसते. चाचणी ऑक्टोबरात झाली असेल तर ती मान्य करू नका.

आधी मागणी काढू. जल जीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर धरतात. तुमच्या १,१४० माणसांचे होतात ६२,७०० लिटर. सड्यावरच्या बंगल्यांना हे ५५ चं माप लावू देऊ नका. प्रत्येक खोलीला न्हाणीघर आणि फ्लशचा संडास अशा घरांना शहरी १३५ लिटरचं माप लागतं. १२० बंगले, घरटी ५ माणसं, म्हणजे ६०० माणसं आणि ८१,००० लिटर. गावाच्या निम्म्या माणसांना अख्ख्या गावापेक्षा जास्त पाणी. तलाव त्यात धरलेले नाहीत. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असा एक तलाव एकदा भरायला ४०,००० लिटर लागतात.

ते सांगतील की असले बंगले वर्षातले दहा महिने बंद असतात. खरं आहे. पण उघडतात ते मे महिन्यात, तुमच्या विहिरीचा तळ दिसायला लागतो त्याच दिवसांत. त्यामुळे सरासरीचा हिशोब कोणी मांडला तर तो खोडून काढा, मे महिन्याचा मागा.

आता विहीर. पाणी सोडणाऱ्याला आधी विश्वासात घ्या. रात्री पंप बंद झाला की विहिरीच्या काठावर एक खूण करा, खडूने नको, ऑइल पेंटने. मोजपट्टीच्या टोकाला वजन बांधून खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्या आणि वेळ लिहा. मग चार-चार तासांनी पुन्हा, पहाटे पंप सुरू होईपर्यंत. मधल्या वेळात कोणी एक कळशीही काढता कामा नये. ५ मीटर व्यासाच्या विहिरीचं पृष्ठ साधारण १९.६ चौरस मीटर भरतं, म्हणजे पाणी एक सेंटीमीटर चढलं की १९६ लिटर आलं असं समजा. तीन रात्री करा, एका रात्रीच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. सोबत दोन साक्षीदार ठेवा, त्यातला एक समोरच्या बाजूचा असेल तर फारच चांगलं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी घेते. तुमच्या पाणलोटात अशी विहीर असेल तर मागच्या दहा वर्षांच्या नोंदी माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराला त्यांना ३० दिवस असतात, म्हणून अर्ज उद्याच टाका आणि हरकतीत लिहा की नोंदी मागवल्या आहेत, सुनावणीच्या वेळी सादर करू.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. सडा म्हणजे जांभा दगड. पावसाचं बरंच पाणी वाहून जातं, पण भेगाभेगांतून जे मुरतं ते खाली चिकट मातीच्या थराला अडतं आणि कडेने झरा होऊन बाहेर येतं. मळ्यातली तुमची विहीर त्याच झऱ्यावर जगत असण्याची शक्यता मोठी आहे. ६ हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस झाला की ३० लाख लिटर पाणी पडलं. तिथे रस्ते, फरशी आणि छपरं आली की त्यातलं मुरणारं पाणी घटेल आणि पऱ्यात एकदम येणारं वाढेल. म्हणजे पावसाळ्यात मळ्यात पूर आणि मे महिन्यात विहीर कोरडी, अशी दोन्हीकडून मार. बंगल्यांचं पाणी कुठूनही आणलं, अगदी टँकरने आणलं, तरी हा प्रश्न राहतोच. झरा कुठे फुटतो ते शोधून त्याचा फोटो तारखेसह जोडा.

नकाशावाला, चिपळूण

माझा धंदा ले-आऊटचे नकाशे करण्याचा, म्हणजे एरवी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला असतो. पण २२ जुलै २०२१ चा पूर आमच्या घराच्या पहिल्या मजल्यापर्यंत आला होता. तेव्हापासून नकाशावर वरच्या जमिनीचा रंग बदलताना खाली कोण राहतं ते मी आधी बघतो.

तुमचा प्रस्ताव महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम २० खालचा असणार. गाव नगरपरिषदेच्या विकास योजनेत असतं तर कलम ३७ आलं असतं. सूचनेवरचा क्रमांक, तारीख, कलम आणि चारही गट नंबर हरकतीच्या पहिल्याच ओळीत घाला, नाहीतर पत्र भलत्याच फाइलला लागतं.

सुसंगतीचं म्हणाल तर नगर रचनेच्या शाखा कार्यालयातून त्या गटांचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. नकाशावर गावठाणाला लागून रहिवास विभाग किती दाखवलाय ते बघा, आणि मग त्यातली किती जमीन अजून मोकळी आहे ते गावात फिरून, सातबारे बघून मोजा. योजना करणाऱ्याने वाढणाऱ्या वस्तीसाठी जागा आधीच काढून दिलेली असते. ती अर्धी मोकळी असताना गावठाणापासून लांब सड्यावर चार गटांचं बेट कशासाठी? विसंगती म्हणजे हीच. ‘शेती विभाग आहे म्हणून शेतीच राहू द्या’ एवढंच लिहिलंत तर उत्तर येईल की फेरबदलाची तरतूद कायद्यातच आहे, आणि ते उत्तर बरोबरच आहे. म्हणून असं मांडा: योजनेने पाणी, रस्ता आणि वस्ती एकत्र ठेवायचा जो विचार केला होता तो या बदलाने मोडतो, आणि बदलाची गरज योजनेतल्याच मोकळ्या जागेत भागते.

रस्ता. एकेरी गाडीरस्त्याला ३.७५ मीटर डांबरी रुंदी धरतात. तुमचे गडगे सगळ्यात जवळ येतात तिथे टेप धरा आणि आकडा वाचता येईल असा फोटो काढा. योजनेत तो रस्ता दाखवलाय का आणि किती रुंद दाखवलाय, तेही लिहा.

एक विनंती. सवयीने लोक प्रत्येक हरकतीत सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतचा बांधकामावर बंधनं असलेला पट्टा, घालतात. समुद्राच्या बाजूने ती हद्द भरती रेषेपासून ५०० मीटर असते, खाडीच्या काठाने त्याहून बरीच कमी. सडा त्याबाहेर असेल तर तो शब्द लिहू नका. एक मुद्दा चुकीचा निघाला की अहवालात त्याचंच उत्तर ठळक येतं आणि खरे मुद्दे त्याच्याखाली जातात. कातळशिल्पांचंही तसंच. रत्नागिरीची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यामुळे हल्ली सगळेच त्यांचं नाव घेतात. सड्यावर एकदा उन्हं कलताना फिरून या, तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात. काही दिसलं तर फोटोसह लिहा, नाहीतर विषय सोडा.

आता माझ्या मते जिथे गावं फसतात ते सांगतो. असे प्रस्ताव बरेचदा अटी घालून मंजूर होतात. अटीत असतं की पाणी, रस्ता, सांडपाणी या मूलभूत सुविधा जमीनमालकाने स्वखर्चाने कराव्यात. वाचून गावाला हायसं वाटतं. पण पाणी कुठून आणायचं ते त्यात नसतं. तुमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला बोअर मारली तरी ती स्वखर्चानेच मारलेली असते. म्हणून हरकतीच्या शेवटी सूचनाही द्या. मंजुरी द्यायचीच असेल तर पाण्याच्या स्रोताचं ठिकाण अटीत नावानिशी लिहावं, त्याची मे महिन्यातली चाचणी भूजल यंत्रणेकडून करून घ्यावी, आणि पाणी प्रत्यक्ष जागेवर आल्याशिवाय पहिल्या बंगल्याचीही बांधकाम परवानगी देऊ नये. शासनाने ‘हरकती व सूचना’ मागवल्यात, त्यातला दुसरा शब्द बहुतेक गावं वापरतच नाहीत.

ग्रामसभेचा ठराव घ्या. त्याने प्रस्ताव आपोआप थांबत नाही, पण आकड्यांसह लिहिलेला ठराव फाइलला लागला की अहवाल करणाऱ्याला त्यावर काहीतरी लिहावंच लागतं.

सेंट्रिंगवाला

वहिनी, राग मानू नका, पण दुसरी बाजू कोणीतरी बोलायला हवी. मी शेजारच्या तालुक्यातला, स्लॅबची कामं घेतो. १२० बंगले म्हणजे माझ्यासारख्याला आणि माझ्या हाताखालच्या वीस जणांना पाच-सहा वर्षं घरी राहून काम. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमच्या सुपारीच्या पोफळी एका दुपारीत झोपवल्या. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. तेवढी वर्षं काय खायचं, ते आम्हाला कोणी आकड्यांत मांडून विचारलं नाही. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांनी हौसेने नाही विकल्या. मुंबईला गेलेली पोरं परत येतील असं एक तरी काम दाखवा, मग सडा आहे तसा ठेवा.

पाखाडीवरची

दादा, राग कसला. त्या दुपारी माझ्या आगरातल्या ६२ पोफळी गेल्या. त्यानंतर २७ दिवस गावात वीज नव्हती. आमच्या दिरांनी सड्यावरचा गट त्याच्या पुढच्या वर्षी विकला, मुलीचं कॉलेज होतं. त्यांना मी एका शब्दाने दोष देत नाही.

पण तुमच्या वीस माणसांची घरं कुठे आहेत? आमच्यासारख्याच वाड्यांत, अशाच एका विहिरीवर. बंगले पुरे झाले की तुम्ही पुढच्या कामाला जाल, आणि घरी बायकोला तिसऱ्या दिवसाऐवजी सहाव्या दिवशी पाणी येईल. नकाशावाल्यांनी जे लिहिलंय, की गावठाणाला लागून मोकळी जागा आधीच रहिवास विभागात आहे, ते मी मोजणार आहे. घरं तिथे बांधा, काम तेवढंच मिळेल. बंद घरं दुरुस्त करून पाहुण्यांना द्या, त्यातही गवंडी, सुतार, वायरमन सगळेच लागतात. मला काम थांबवायचं नाही. पाण्याच्या वर घर नको, एवढंच मी म्हणतेय.

माडाखाली

आम्ही खाली सिंधुदुर्गात. आमच्या वाडीच्या वर अशीच वसाहत होऊन आता आठ वर्षं झाली, म्हणून राहवलं नाही.

पाण्याबद्दल सगळे बोलतात, सांडपाण्याबद्दल कोणी विचारत नाही. वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात. तुमच्या ८१,००० मधले जवळजवळ ६५,००० लिटर रोज. आमच्या इथे प्रत्येक बंगल्याला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा होता, कागदावर सगळं नीट. पण जांभ्यात खड्डा म्हणजे चाळणीत ओतल्यासारखं, भेग सापडली की ते पाणी मातीतून गाळून न निघता थेट झऱ्याला मिळतं. पहिल्या दोन वर्षांत काही जाणवलं नाही. तिसऱ्या वर्षी मिरगाच्या आधी आमच्या आयेने कळशी तोंडाशी नेली आणि खाली ठेवली. "ह्या पाण्याक वास येता," म्हणाली. तपासणीत पाणी पिण्यास अयोग्य निघालं. ती विहीर माझ्या आजेसासऱ्यांनी खोदली होती. आता तिच्यावर माडांना पाणी देतो आणि प्यायचं पाणी विकत आणतो.

तेव्हा एकत्रित सांडपाणी प्रक्रिया केंद्राची अट आत्ताच मागा, प्रत्येक प्लॉटचा वेगळा खड्डा नको. आणि तुमच्या विहिरीचं पाणी आज तपासून अहवाल ठेवा, बंगले यायच्या आधीच्या तारखेचा. आमच्याकडे तो नव्हता. आधीपासूनच खराब असेल, असं आम्हाला ऐकवलं गेलं आणि आम्ही काहीच दाखवू शकलो नाही.

पाखाडीवरची

सगळ्यांचे खूप आभार. आठ दिवसांत जे जमलं ते सांगते.

पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेलाय, माडाखालीताई, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी. माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, पोच घेतली. गावठाणाभोवतीचा रहिवास विभाग भाग नकाशावर साधारण ९ हेक्टर दिसतोय. शाळेतल्या गुरुजींना घेऊन दोन संध्याकाळी फिरले, त्यातले ५ हेक्टर तरी अजून मोकळे आहेत. शिवाय गावातल्या ३१२ घरांपैकी ८७ घरांना कुलूप. रस्ता देवळाच्या वळणावर गडग्यापासून गडग्यापर्यंत ३ मीटर १० सेंटीमीटर भरला, आणि पाण्याचा टँकर स्वतःच अडीच मीटर रुंद असतो. विजेचं वायरमनने सांगितलं: घरटी ५ किलोवॅट, सगळे एका वेळी वापरत नाहीत म्हणून निम्मं धरलं तरी ३०० किलोवॅट, आमच्या आजच्या ट्रान्सफॉर्मरच्या तिप्पट. सडा सीआरझेडच्या बाहेरच आहे, तो मुद्दा काढून टाकला. कातळशिल्प दिसलं नाही, गुरं पाण्यावर येतात ते तळं तेवढं आहे.

विहिरीच्या चाचणीला साक्षीदार म्हणून मी आमच्या त्या दिरांनाच बोलावलं. नाही म्हणतील असं वाटलं होतं, पण कंदील घेऊन आले. रात्री नऊला पंप बंद केला. मोजपट्टीला जुनं कुलूप बांधलं होतं. पट्टी तेच सोडायचे, कुलूप पाण्याला टेकल्याचा आवाज आला की आकडा मोठ्याने वाचायचे, मी लिहायची. पहिल्या चार तासांत पाणी ५० सेंटीमीटर चढलं, रात्री एक ते पहाटे पाच या वेळात ३०. मळ्यात काजवे होते, आणि विहिरीच्या पोटात पाणी झिरपतानाचा आवाज वरपर्यंत येत होता, पश्चिमेच्या बाजूने, म्हणजे सड्याच्याच अंगाने. तिन्ही रात्री आकडे एक-दोन सेंटीमीटरच्या फरकाने तेच आले. तिसऱ्या पहाटे पट्टी गुंडाळताना दीर म्हणाले, "वहिनी, विकली तेव्हा हे कोणी मोजलं असतं तर मी ऐकलं असतं." आणि कागदावर सही केली.

आठ तासांत ८० सेंटीमीटर म्हणजे १५,७०० लिटर. दिवसाचे ४७,१००. माणशी ४१ लिटर. ठरलेल्या ५५ लाही आमचं आजचंच पाणी पुरत नाही. मे महिन्यात चाकरमानी आले की गाव १,९०० वर जातं, मग तर २५ लिटर. हिशोब बरोबर आहे का, कोणी बघेल का?

जुना ओव्हरसियर

ताई, काम उत्तम झालंय. दोन दुरुस्त्या करतो, कारण समोरचा अभियंता नेमक्या याच काढेल.

पाणी वर चढत जाईल तशी आवक मंदावते. तुमच्याच आकड्यांत ते दिसतंय, आधी ५० आणि मग ३०. तो म्हणेल की पंप सतत चालवून पातळी खालीच ठेवली तर पहिल्या चार तासांच्या वेगाने पाणी येत राहील. तसं धरलं तर दिवसाचे ५८,९०० होतात. प्रत्यक्षात तेवढा उपसा मे अखेरपर्यंत टिकणार नाही, पण वरची मर्यादा म्हणून तो आकडा आपणच आधी लिहा. तोही ६२,७०० च्या खालीच आहे, त्यामुळे तुमचं म्हणणं कुठेच कमकुवत होत नाही, उलट लपवाछपवी नाही हे दिसतं.

दुसरं, व्यास. ५ मीटर हा योजनेच्या कागदावरचा आकडा. बांधकामाच्या आतून, पाण्याच्या पातळीला किती भरतो तो मोजा. दहा सेंटीमीटर इकडचे तिकडे झाले तरी दिवसाकाठी दोन हजार लिटरचा फरक पडतो.

पाखाडीवरची

आज सकाळी मोजला. आतून ४ मीटर ९० भरला. आकडे बदलले: खालची मर्यादा ४५,३००, वरची ५६,६००. दोन्ही लिहिले. हरकतीतला पाण्याचा परिच्छेद असा केलाय:

"गावाच्या एकमेव सार्वजनिक विहिरीची सलग तीन रात्री, साक्षीदारांसमक्ष मोजलेली आवक दररोज ४५,३०० ते ५६,६०० लिटर आहे. गावाची आजची गरज, माणशी ५५ लिटर प्रमाणे, ६२,७०० लिटर आहे. प्रस्तावित १२० बंगल्यांची गरज, माणशी १३५ लिटर प्रमाणे, आणखी ८१,००० लिटर होते. विहिरीला पाणी देणारा झरा प्रस्तावित क्षेत्राच्या बाजूने येतो. हे पाणी कोणत्या स्रोतातून येणार, याचा उल्लेख प्रकाशित सूचनेत नाही. तो स्रोत मे महिन्यातील चाचणीसह जाहीर होईपर्यंत फेरबदल मंजूर करू नये."

पुढे रस्ता, सांडपाणी, वीज आणि गावठाणाजवळची मोकळी जागा, प्रत्येकी तीन-चार ओळी. शेवटी नकाशावाल्यांनी सांगितलेल्या सूचना जशाच्या तशा. ग्रामसभा रविवारी आहे, तोच मजकूर ठरावात येईल. वाडीवाडीतून बायका येणार आहेत, त्यांनी पाण्याच्या वेळा वहीत लिहून आणल्यात, गेल्या मार्चपासूनच्या.

सोमवारी सकाळच्या एसटीने तालुक्याला जाऊन स्पीड पोस्टाने पाठवते. अजून चार दिवस हातात राहतात. एक प्रत त्या सल्लागारांनाही पाठवतेय. किती कमी पडेल, असं त्यांनी विचारलं होतं.